दादीनं वेळ विचारली तेव्हा

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाची जत्रा. पालखी आत गेली, आरत्या-गाऱ्हाणी उरकली, खाज्या-लाडवांच्या दुकानांपुढची गर्दी हळूहळू मंडपाकडे सरकली आणि अकराच्या सुमाराला पडदा वर गेला. नाटक महेश एलकुंचवारांचं, ‘वाडा चिरेबंदी’. वऱ्हाडातल्या देशपांड्यांचा जुना वाडा, वडील नुकतेच गेलेले, थोरला भास्कर घर चालवतो, त्याचा भाऊ सुधीर तेराव्यासाठी मुंबईहून आलेला, आणि आतल्या खोलीत म्हातारी आजी, दादी. जत्रेचं नाटक म्हणजे ऐतिहासिक, नाहीतर पौराणिक, फार तर डोळ्याला पदर लावायला लावणारं कौटुंबिक, असा गावांचा साधारण शिरस्ता. इथल्या पोरांनी तो मोडला होता. नाटक रांगेला लागलं, मंडपातली कुजबूज बसली, आणि आतल्या खोलीतून दादीचा आवाज आला. दादी वेळ विचारत होती. मंचावरचा भास्कर उत्तराला तोंड उघडणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मनगट डोळ्यांजवळ नेलं, घड्याळ पाहिलं आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “साडेइकरा जालीं.”

कुणी हसलं नाही.

तेच विचित्र. प्रेक्षकातून आवाज आला की मंडप हसतो, हा न चुकणारा नियम. मूल रडलं, कुणाचा फोन वाजला, खलनायकाला कुणी शिवी घातली, की हशा ठरलेला. इथे मात्र बाई बोलली, भास्कर क्षणभर घुटमळला आणि दादी आत गप्प झाली, जणू तिला हवं ते मिळालं. नाटकाच्या दृष्टीनं हा अपघात म्हणायचा, कारण नाटककारानं केलेली सगळी जुळणी याच्या उलट आहे. दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारते आणि घर तिला पुन्हा पुन्हा काहीतरी सांगून मोकळं होतं. दोन-तीनदा झालं की प्रेक्षकही ते ऐकेनासा होतो. घरातला गळका नळ जसा आठवड्याभरात ऐकू येईनासा होतो तसा. आपण देशपांड्यांच्या घरातलेच एक झालो, त्यांच्याइतकेच कोडगे झालो, हे फार उशिरा कळतं. ही बाई पहिल्याच प्रश्नाला नाटकाच्या हातातून निसटली. मग प्रयोग तिथे फसला, की तिथेच लागू पडला, याचा उलगडा घरी परतेपर्यंत झाला नाही आणि अजूनही पुरता झालेला नाही.

दादीचा आवाज ही या नाटकातली सगळ्यात अवघड जागा आहे, हे हौशी मंडळींना तालमीत कळत नाही. वाक्य एवढंसं, पाठ करायला काही नाही, म्हणून ते संघातल्या सगळ्यात नवख्या मुलीला देतात. ती बिचारी म्हातारपण आणते, म्हणजे आवाज कापरा करते, खोकते, शेवटचं अक्षर ओढते. तिसऱ्या वेळेला लोकांना कंटाळा येतो आणि पाचव्या वेळेला हसू. दादी रडत नाही, तक्रार करत नाही. तिला वेळ हवी आहे, एवढंच. प्रत्येक वेळी त्याच पट्टीत, त्याच लयीत विचारलं तरच ते अंगावर येतं. काही संघ आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवतात. ती आणखी मोठी चूक. मंचावरची दोन वाक्यांमधली फट रोज बदलते, कधी दोन सेकंदांची, कधी पाच. यंत्रावरच्या पोरानं बटण अर्धा सेकंद लवकर दाबलं की दादी कुणाचं तरी वाक्य तोडते, आणि उशिरा दाबलं की सगळे नट तिची वाट बघत उभे. शिवाय कर्ण्यातून येणारी दादी छपरातून बोलल्यासारखी वाटते. नटी स्वतः पार्श्वभिंतीमागे दोन-तीन हातांवर, पाटावर, तोंड बाजूला वळवून बसलेली असावी. उभ्यानं बोललेलं आणि बसून बोललेलं, यातला फरक मागच्या रांगेलासुद्धा कळतो. आणि मंचावर घड्याळ लावू नये. भिंतीवर घड्याळ दिसलं की उत्तर देणाऱ्याची मान आपोआप तिकडे वळते, आणि मान वळली की उत्तराला अर्थ येतो. या घरात उत्तराला अर्थ नसावा.

त्या रात्रीच्या दादीनं हे सगळं बरोबर केलं होतं. बहुधा म्हणूनच त्या बाईला उत्तर द्यावंसं वाटलं.

नेपथ्याकडे पाहिलं की मात्र गोंयकाराची मान थोडी खाली जावी. ‘चिरेबंदी’ हा शब्द इथल्या रंगाऱ्यानं वाचला की त्याच्या डोळ्यांपुढे एकच चिरा उभा राहतो, आपला लाल, जांभ्याचा, भोकाभोकांचा. मग तो सगळ्या फ्लॅटना, म्हणजे भिंती म्हणून उभ्या केलेल्या कापडी चौकटींना, गेरूचा हात मारतो, स्पंजानं काळसर ठिपके उठवतो, चुन्याच्या रेघा ओढतो, आणि वऱ्हाडातला वाडा बघता बघता केपे-काणकोणातलं घर होतो. वऱ्हाडातला चिरा काळ्या बेसाल्टचा, घडवलेला, सांधे बारीक. वरची भिंत बहुतेकदा मातीची नाहीतर पांढऱ्या विटेची, गिलावा सुटलेला. उतरती मंगळुरी कौलं नाहीत, माळवदाच्या सपाट रेषा. आणि हवा कोरडी. आपल्याकडे घर पडतं ते पावसानं. भिंतीला आधी शेवाळ, मग ओल, मग वाळवी. तिकडे घर उन्हानं नि धुळीनं झिजतं. म्हणून हिरवट छटा एकही नको. राखाडी, मातकट पिवळा आणि कडांना मळका काळा, एवढ्यावर भागतं. रंग पाण्यात कालवलेला असेल तर खळ व्यवस्थित घालावी, नाहीतर थंडीच्या जत्रेत रात्री दहिवर पडतं आणि पहिल्या अंकातच भिंत नटाच्या सदऱ्यावर उतरते.

जत्रेचा मंच साधारण २० फूट रुंद, १५ फूट खोल आणि जमिनीपासून ४ फूट उंच. समोरच्या खुर्च्या सपाट जमिनीवर. त्यामुळे पहिल्या पाच-सहा रांगांना मंचाची मागची जमीन दिसतच नाही. माजघरात कुणी जमिनीवर बसलं की फक्त डोकं उरतं. ओसरी मंचाच्या पातळीवर आणि माजघर १६ इंच वर, अशी चढण केली की बसलेली बाई कमरेपासून दिसते आणि वाड्याला खोलीही येते. दाराची चौकट साडेपाच फुटांचीच ठेवावी. सहा फुटी सुधीर मुंबईहून येतो, दारात आपसूक वाकतो आणि त्याच्या घरी येण्याबद्दल एकही वाक्य न बोलता बरंच काही सांगून जातो. दार मात्र आपटू नये. कापडी फ्लॅट आठ फुटांचा, मागे एकच तिरका टेकू. दार आपटलं की सगळा चिरेबंदी वाडा धोतरासारखा फडफडतो. यावरचा इथला उपाय जुना आणि चोख आहे. देवळाच्या कुंपणाचे उरलेले चिरे आणायचे आणि प्रत्येक टेकूच्या पायावर एकेक ठेवायचा. २५-३० किलोंचा दगड, हलत नाही. म्हणजे लोकांना दिसतो तो कापडावर रंगवलेला काळा वऱ्हाडी चिरा, आणि त्याला उभं धरून ठेवतो मागचा लाल गोव्याचा चिरा. जत्रा संपली की तो परत कुंपणात जातो.

अंगणातल्या ट्रॅक्टरचं काय करायचं, हा प्रत्येक संघाचा दुसरा प्रश्न. ऐपत असताना घेतलेला, आता दारात गंजत पडलेला. एक जुना टायर आणि बंपर मांडून बघणारे असतात, पण भंगाराच्या दुकानातले दोन तुकडे हे भंगाराच्या दुकानातले दोन तुकडेच दिसतात. त्यापेक्षा ट्रॅक्टर प्रेक्षकांत आहे असं धरावं, मंचाच्या उजव्या कोपऱ्यापुढे, साधारण चौथ्या रांगेच्या जागी. ठिकाण सगळ्या दहा नटांनी तालमीत एकदाच ठरवायचं आणि नंतर वीतभरही हलवायचं नाही. त्या रात्री धाकटा भाऊ चंदू याचा ट्रॅक्टर चौथ्या रांगेत होता, भास्करच्या मुलाचा, परागचा, मात्र चहाच्या टपरीवर.

आता भाषा. गोव्याचा नट घरी कोंकणी बोलतो आणि मंचावर मराठी, आणि ती मराठी त्याला संगीत नाटकांतून, ऐतिहासिक नाटकांतून, आजोबांच्या तोंडपाठ पल्लेदार वाक्यांतून मिळालेली असते. मंगेशीच्या दीनानाथांचा वारसा सांगणारा हा मुलूख. शब्द गोलाईनं, छाती भरून टाकायचा, हे अंगात मुरलेलं. ‘वाडा’त हीच सवय आडवी येते. इथली माणसं संवाद म्हणत नाहीत. ती अर्ध्यावर सोडतात, गिळतात, भलत्याच गोष्टीबद्दल बोलतात. त्यात वऱ्हाडी वळण, ‘करून राहिला’, ‘येऊन राहिली’. नट हे वळण मालिकांमधून उचलतो, आणि मालिकांनी वऱ्हाडीला विनोदाच्या खात्यात टाकून ठेवलेलं. भास्करनं पहिलं ‘राहिलो’ म्हटलं की मागची पोरं खिदळतात. यावर तोड एकच. शब्दावर आघात द्यायचा नाही. वळण वाक्याच्या पोटात जाऊ द्यायचं, शेपटीला ठेवायचं नाही. आणि कोंकणीचा अनुनासिक शेवट कटाक्षानं काढायचा. तो घाईच्या आणि रागाच्या वाक्यांत हमखास डोकं वर काढतो. गंमत म्हणजे एकटी अंजली इथल्या मुलींना सोपी जाते. ती मुंबईची, कोकणस्थ. वऱ्हाडातल्या घरात आपली भाषा सांभाळून बोलणारी परकी सून. गोव्याची मुलगी मराठीत जशी थोडं जपून, थोडं ताठ बोलते तेच तिथे चपखल बसतं. अभिनय करावाच लागत नाही.

पण या नाटकाचं खरं गणित बायकांचं आहे. दहा माणसं, त्यात सहा बायका. दादी, आई, भास्करची बायको वहिनी, सुधीरची बायको अंजली, बहीण प्रभा आणि भास्करची मुलगी रंजू. जत्रेच्या नाटकांची घडी नेमकी याच्या उलट बसलेली. गावातले पुरुष दोन-दोन महिने तालमी करतात आणि स्त्री-भूमिकांसाठी बाहेरच्या नट्या ठरवतात. या नट्या हंगामात गावोगाव फिरतात, नेहमीची पंधरा-वीस नाटकं त्यांना पाठ असतात, आदल्या रात्री दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्याच नाटकात उभ्या असतात, आणि रंगीत तालमीला किंवा थेट प्रयोगालाच येतात. ऐतिहासिक नाटकात हे खपतं, कारण तिथे राणीसाहेबांना तीन प्रवेश, आणि तीनही पुरुषाशी बोलायचे. ‘वाडा’त बायका एकमेकींशी बोलतात, आणि त्याहून जास्त एकमेकींसमोर गप्प बसतात. गप्प बसणं एका तालमीत बसत नाही. वहिनी आणि आई यांच्यात जे आहे ते शब्दांत फारसं नाहीच. एकीनं भांडं पुढे केलं तेव्हा दुसरीनं न बघता हात पुढे करणं, एवढ्याशा गोष्टीत ते सगळं आहे, आणि तेवढं साधायला दोघींनी महिनाभर तरी एकत्र भांडी हाताळलेली असावी लागतात. त्या रात्रीच्या संघानं निम्म्या बायका गावातल्याच घेतल्या होत्या. एक अंगणवाडीतली, एक गावच्या भजनी मंडळातली. आईचं काम करणारी मात्र बाहेरची, हंगामी, मुरलेली. तिनं कुंकू पुसलं, लुगडं पांढरट नेसली, पण गळ्यातलं मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. नाटकात विधवा झाले तरी घरी नवरा आहे, हे तिचं म्हणणं. यावर भांडू नये. पदर गळ्याशी ओढून टाचणी लावायची. ओढलेला पदर आईला शोभतोच.

वहिनीला हातात काम लागतं, सतत. ते खोटं असेल तर लगेच दिसतं. बहुतेक संघ सूप देतात आणि निवडायला तांदूळ. गोव्यात तांदूळ म्हणजे उकडा, लालसर, जाड. वऱ्हाडातल्या सुपात तो कसा आला, हे पहिल्या दोन रांगा विचारणार. ज्वारी घ्यावी नाहीतर तुरीची डाळ, आणि पाव किलोच. त्याहून जास्त घेतलं की पाखडताना सांडतं, दुसऱ्या अंकात अनवाणी धावत येणाऱ्या पोरीचा पाय त्यावरून सरकतो. प्रयोगात काय बिघडेल याची यादी करायला बसलं तर दुसऱ्या क्रमांकावर सांडलेलं धान्य येईल. पहिल्यावर सुधीरची बॅग. नाटक १९८५चं, आणि तो आजच्या चाकांच्या बॅगेचा खडखडाट करत ओसरीत येतो. तिसऱ्यावर भास्करची गुळगुळीत दाढी. घरात सुतक, आणि नट संध्याकाळी पाचपर्यंत कचेरीत होता.

दागिन्यांच्या प्रवेशाला मंडप पूर्ण शांत झाला. रात्र, भास्कर आणि वहिनी, उघडलेली पेटी, आणि वहिनी एकेक दागिना अंगावर घालते. गोव्यात सोन्याचा प्रवेश करायचा म्हणजे सराफांच्या पेठेत पितळ विकायला बसायचं. समोरच्या बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. भाड्यानं मिळतात ते दागिने नाचाचे नाहीतर पौराणिक नाटकांचे, लाल-हिरव्या खड्यांचे, पत्र्यापेक्षा हलके, आणि पेटीत हात घातला की खुळखुळ्यासारखे वाजतात. जुनं सोनं चमकत नाही. ते मंद असतं, किंचित तांबूस, आणि त्याला वजन असतं. वजनाचा अभिनय नट्या करतात तो चुकतो, त्या हात जड झाल्यासारखा दाखवतात. त्याऐवजी साधं पितळेचं, भरीव काम आणावं. पाटल्या, गोठ, एक सरी, एक चपलाहार, एवढे चार-पाच नग पुरतात, बाकी पेटीत मळकट कापडात गुंडाळलेलं राहू द्यावं. पितळ चिंचेनं घासायचा मोह आवरावा. उलट त्यावर मेकअपची पावडर तेलाच्या बोटानं चोळली की उजळपणा मरतो. पेटीच्या तळाला जाड कांबळ्याचा तुकडा घातला की खुळखुळ जाते आणि धप्प असा आवाज येतो. तो ‘धप्प’ ऐकून त्या रात्री कुणीतरी मागे हळूच “भांगार”, म्हणजे सोनं, म्हणालं. नाटकात सोनं कितीही असो, त्या क्षणी ते खरं झालं.

उजेडाचं मात्र फसलं. हा प्रवेश बहुतेक मंडळी कंदिलावर करतात. हल्ली खरा घासलेटचा कंदील पुष्कळ सभागृहांत चालत नाही, म्हणून आत बॅटरीचा पिवळा दिवा. कंदिलाचा स्वतःचा उजेड हातभर. त्याला आधार देणारा झोत वरून येतो, आणि कंदील हलला की झोतानंही हलायला हवं. उजेड कमी-जास्त करणारे डिमर चारच असतील तर जागेचे तीन भाग करून एकातून दुसऱ्यात उजेड ओतत न्यावा, चौथा दागिन्यांसाठी राखून ठेवावा, आणि त्यावर जिलेटिनचा गडद पिवळा रंगीत कागद लावू नये. गडद पिवळ्यात पत्रासुद्धा सोनं दिसतो, आणि सगळंच सोनं दिसलं की काहीच सोनं राहत नाही. इथे वहिनी कंदील घेऊन उजवीकडे गेली आणि तिचा उजेड डावीकडेच राहिला. पाच-सहा सेकंद एक रिकामी जागा सोन्यासारखी उजळून निघाली होती.

गोव्यात हे नाटक वेगळं ऐकू येतं, याचं एक कारण कायद्यात आहे. पोर्तुगीज नागरी कायदा इथे राहिला, त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि बायकोही अर्ध्याची मालकीण. वडिलार्जित घराची एक खोली विकायची तर लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीची सही लागते, तिच्या नवऱ्याचीही लागते. इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे, खटले दहा-दहा वर्षं चालतात. त्यामुळे भास्कर परस्पर निर्णय घेतो, प्रभा कोपऱ्यात राहते, शिकायचं राहिलं म्हणून आतल्या आत जळत राहते, तेव्हा इथल्या प्रेक्षकाला पहिला प्रश्न पडतो तो भावनेचा नसतो. प्रभाची सही घेतली का? विश्रांतीत, चहाच्या टपरीवर, नेमकी हीच चर्चा चालली होती. दोघांचं मत होतं की प्रभानं वकील गाठावा. तिसऱ्यानं विचारलं, “आणि सही घेऊन आमच्यांत कितें वेगळें जालां?” त्यावर कुणी बोललं नाही. कायद्यानं अर्ध्याची मालकीण असलेल्या बायका मंडपात डाव्या बाजूला बसल्या होत्या, पोरं मांडीवर झोपवून.

दुसरं कारण भाट आणि मुंडकार, म्हणजे जमीनदाराची, भाटकाराची बागायत आणि तिच्यात घर करून राहणारं कूळ. कूळ कायद्यानं इथे जमीन कसणाऱ्याकडे गेली, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. जत्रेच्या मंडपात भाटकाराचा नातू आणि मुंडकाराचा नातू एकाच रांगेत बसतात, वर्गणीही सारखीच देतात. देशपांड्यांची ऐट, गावजेवणाचा हट्ट, ऐपत नसताना तेराव्याचा थाट, हे बघताना एकाच्या पोटात कालवतं आणि दुसऱ्याला आतून गुदगुल्या होतात. नाटककार दोघांना सारखंच तोलतो, हे त्याचं मोठेपण. वाड्याबद्दल त्याला माया आहे, पण वाड्याची बाजू तो घेत नाही. १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेला, जमीनजुमल्याचं घर आतून पाहिलेला, नंतर नागपुरात इंग्रजी शिकवणारा हा माणूस. त्याला वाडा पाडायचाही नव्हता आणि रंगवायचाही. मला स्वतःला हे नाटक सरंजामशाहीच्या अस्ताचं वगैरे वाटत नाही. कोण कुणाचं ऐकतं, याचं वाटतं.

१९८५ साली विजया मेहतांनी ते ‘कलावैभव’ या नाट्यसंस्थेसाठी बसवलं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’ संस्थेसाठी तिन्ही नाटकं एकापाठोपाठ एक, दिवसभर चालणाऱ्या प्रयोगात उभी केली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो तिसऱ्याला, ‘युगान्त’ला, २००२ साली, त्याच नाटकासाठी सरस्वती सन्मानही. लोक मात्र करतात ते पहिलंच. कारण उघड आहे, पहिल्यात घर आहे, भांडण आहे, सोनं आहे. तिसऱ्यात काही उरलेलंच नाही. दुष्काळ आहे, वाळू आहे, आणि दोन भाऊ. गोव्यात ‘युगान्त’ करणाऱ्यापुढे आणखी एक अडचण. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात प्रेक्षकाला तहान लावायची कशी? मंचावर पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, इथपासून सुरुवात. विंगेत नटांसाठी ठेवलेल्या बाटलीचा आवाजसुद्धा बाहेर जाता कामा नये. पण बाहेर व्हाळ वाहत असेल तर काय करणार?

पणजीच्या कला अकादमीत हे प्रश्न निम्मे सुटतात. चार्ल्स कोरियांची ती वास्तू, १९८३ साली पुरी झालेली. आतल्या नाट्यगृहाच्या दोन्ही भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रेषेतली माणसं सज्जात बसून नाटक बघतात, रंगवलेल्या सज्जात. उजेड मंदावला की क्षणभर कळत नाही खरे प्रेक्षक कुठे संपले. स्पर्धेतला ‘वाडा’ अशा ठिकाणी नीट ऐकू येतो, दादीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, उजेड वहिनीच्या मागे इमानदारीनं जातो. तिथे दादीला कुणी उत्तर देत नाही. खुर्चीतले देत नाहीत आणि भिंतीवरचेही देत नाहीत. नाटककाराच्या मनातला प्रयोग तोच, यात शंका नाही.

मंडपात दुसरा अंक सुरू झाला तेव्हा पोरं झोपली होती, मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि चादरीत गुरफटलेली ती बाई होती तिथेच बसून होती. अंजलीचा ताठपणा सैल पडला, सोनं गेलं, रंजू गेली, सुधीर तिच्या मागे गेला. जनरेटर दोनदा खोकला. दादीनं आणखी काही वेळा विचारलं. एकदा वहिनीनं काहीतरी सांगितलं, एकदा कुणीच नाही. मंडपातूनही उत्तर आलं नाही, आणि ठरल्याप्रमाणे लोकांचं दादीकडे लक्ष जाईनासं झालं. शेवट जवळ आला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. भास्कर करणारा तो नट दमला होता, किंवा पहिल्या अंकातला धक्का त्याच्या डोक्यात तसाच होता. संहितेतलं उत्तर त्याला सुचलं नाही. त्यानं मान वर न करता सांगून टाकलं, “साडेअकरा.”

“खंय साडेइकरा,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “दोन जालीं.”